नसलेल्या किल्ल्याचं उद्घाटन

दुबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या मिरजेत दोनच प्रश्न विचारतात. सोनं काय भावानं मिळालं, आणि ऊन सोसलं का? मी सोनं आणलं नाही आणि गेले होते थंडीत. त्यामुळे शाळेच्या स्टाफरूममध्ये माझं प्रवासवर्णन चहा निवायच्या आत संपलं. वाळवंट पाहिलं का, विचारलं. विमानातून पाहिलं, मी म्हणाले. मग काय पाहिलं? म्हटलं, एक जर्मन किल्ला. त्यावर इंग्रजीच्या बाईंनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की विषय तिथेच थांबला.

म्हणून हे सगळं नीट लिहिते आहे. कारण तो किल्ला मी खरोखर पाहिला. उभा राहताना पाहिला आणि पडतानाही पाहिला.

अल मनखूल

माझी धाकटी बहीण नीला अल मनखूलला राहते. बर दुबईतली ही जुनी वस्ती. इमारतीच्या जिन्यात पाऊल ठेवलं की परदेशात आल्याचा भ्रम दूर होतो. तळमजल्यावर सांबार, पहिल्यावर फोडणीचं वरण, दुसऱ्यावर कुणाचं तरी सुकट. नाकानं भारतभ्रमण करत चौथ्या मजल्यावर पोचायचं. लिफ्ट आहे, पण ती आपल्याकडच्यासारखीच लहरी.

नीलाचे यजमान शिरीषराव एका कंपनीत आहेत. ही कंपनी प्रदर्शनं आणि जत्रांसाठी दालनं बांधते. आपल्याकडे ज्याला मांडववाला म्हणतात त्याला तिकडे प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणतात, असं मी पहिल्याच रात्री जेवताना म्हणून गेले. नीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलली. भाची रेवा मात्र खूश झाली. "बाबा इज अ मांडववाला!" असं ती इमारतभर सांगत फिरली. तिला आलेला तो बहुधा पहिला पूर्ण मराठी शब्द.

शिरीषराव हसले, पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. भात कालवून तसाच ठेवून ते म्हणाले, "ताई, तुम्ही हिस्ट्रीच्या ना? एक जर्मन आलाय. त्याच्याशी जरा बोलाल का? आम्ही सगळे प्लीज प्लीज करून दमलो."

प्रकरण असं होतं. त्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर एक मोठी जत्रा भरायची होती. प्रत्येक देशाचं एक दालन. इजिप्तवाल्यांचा स्फिंक्स, चिन्यांचा ड्रॅगन, आपल्यांचा अर्थातच हत्ती. जर्मनीच्या एका छोट्या गावाला हौस आली. गावाच्या नगरपालिकेनं दालनाचा खर्च उचलला आणि सांगितलं, आमच्या गावातला मध्ययुगीन किल्ला उभारा. त्या गावाचं नाव उच्चारायला गेलं की घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होतं, म्हणून ते इथे देत नाही. अट एकच होती. आमचा इतिहासतज्ज्ञ येईल, त्यानं मंजुरी दिली तरच पुढे जायचं.

इतिहासतज्ज्ञ आला. त्यानं कंपनीनं काढलेलं चित्र पाहिलं. पाच मनोरे, निळी टोकदार छपरं, सज्जात लांब केसांची राजकन्या. आणि तो म्हणाला, "नाही."

"मग कसा होता?" कंपनीनं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कुणालाच माहीत नाही. तो किल्ला पाडून पाचशेहून जास्त वर्षं झाली. त्याचं एकही चित्र नाही."

यावर कंपनीचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, फादी नावाचे लेबनीज गृहस्थ, भयंकर आनंदले. चित्र नाही, म्हणजे कसाही बांधा! पण जर्मन हटून बसला होता. उद्घाटन तोंडावर आलं होतं, मंजुरी नव्हती, आणि फादींनी सगळ्यांसमोर शिरीषरावांना सांगितलं होतं, "हबीबी, त्याची सही नाही तर तू पण नाही. खलास."

तिकडे नोकरी जाते म्हणजे नुसता पगार जात नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर, शाळा, फ्रिज, कुंडीतला कढीपत्ता, सगळं महिन्याभरात गुंडाळून विमानात बसायचं. नीलानं हे मला स्वयंपाकघरात, मिक्सर सुरू करून सांगितलं. रेवाला ऐकू जाऊ नये म्हणून.

फोगेलसाहेब जेवायला येतात

फोगेलसाहेब म्हणजे तो जर्मन, निवृत्त लॅटिन शिक्षक. उंच, वाळके, पायांत मोजे आणि वर सँडल. शिक्षक शिक्षकाला लांबून ओळखतो. बोलताना बोटांची चिमूट खडू धरल्यासारखी होते.

नीलानं थालीपीठ आणि लोणी केलं होतं. फोगेलसाहेबांनी आधी लिंबाचं लोणचं चमच्यानं भाजीसारखं खाल्लं. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, मग ते गंभीरपणे म्हणाले, "हे आमच्याकडे असतं तर बिशप पहिल्याच दिवशी पळाला असता."

कोण बिशप, असं मी विचारलं, आणि मग सगळी हकीकत बाहेर आली.

तो किल्ला गावाबाहेर डोंगरावर नव्हता. भर गावात, बाजाराला लागून होता. आपल्या भुईकोटासारखा. त्यात राहायचा बिशप. नावाला धर्मगुरू, पण पूल ओलांडायचा कर, दळण दळायचा कर, बिअर गाळायचा कर, सगळं त्याच्याच घशात. गावानं चार-सहा वेळा कुरबुर केली. बिशपनं दर वेळी दोन-चार लोक तळघरात टाकले. मग बिशपला शेजारच्या राजाशी लढायची खुमखुमी आली. त्यासाठी पैसे हवेत. त्यानं काय करावं? गावातल्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढलं आणि तारण म्हणून किल्ला गहाण ठेवला.

"आणि?" नीला दुसरं थालीपीठ वाढायचं विसरून उभी राहिली.

"आणि तो लढाईवर गेला. त्याच हिवाळ्यात गावानं किल्ला पाडला. सगळ्यांनी मिळून. बेकर, शिंपी, नन, सगळे. दगड घरोघर नेले. परत आला तर सोडवून घ्यायला किल्लाच नको!" फोगेलसाहेबांचे डोळे चमकत होते. "बिशपनं रोमपर्यंत दावा लावला. गावाला दंड झाला. माझ्या गावानं तो दंड तीन पिढ्या भरला. आनंदानं भरला!"

शिरीषराव हळूच म्हणाले, "सर, बट टॉवर तर असेल ना? एकतरी?"

"असेल. पण कुठे, केवढा, मला माहीत नाही. तीस वर्षं मी शोधतोय. एका बँकेचा पाया खणताना जुन्या भिंती मिळाल्या. एक हॉल, एक लहानशी खोली, स्वयंपाकघर आणि शौचकूप. एवढंच खरं आहे. मी एवढंच दाखवणार."

"शौचकूप?" शिरीषरावांचा आवाज चिरका झाला.

"ते उत्तम अवस्थेत आहे," फोगेलसाहेब अभिमानानं म्हणाले.

रेवा म्हणाली, "एऽऽ, ग्रोस!" पण ताट घेऊन ती त्यांच्या शेजारी सरकली.

मला हसू येत होतं आणि जरा बोचतही होतं. आमच्या मिरजेत किल्ला भाग आहे. तिथे कोर्ट आहे, वकील आहेत, चहा आहे. किल्ला मात्र शोधावा लागतो. मी तिथून रोज जाते. आमचा किल्ला पाडायला कुणा बेकरानं कुदळ उचलली नाही. तो आमच्या देखत, आमच्यातल्या कुणालाही विशेष काही न वाटता नाहीसा होत गेला. आणि तीस वर्षं मुलांना मी इतिहासात मध्ययुगीन युरोप शिकवते.

शारजा

कंपनीचं वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक भागात होतं. सकाळी आम्ही दुबईहून शारजाला निघालो तेव्हा समोरच्या बाजूनं अख्खं शारजा दुबईकडे निघालं होतं. घर तिकडे स्वस्त आणि नोकऱ्या इकडे, म्हणून ही माणसं रोज गाडीत बसून म्हातारी होतात. मी बघत होते. एका गाडीत एक गृहस्थ आरसा लावून दाढी करत होते, शेजारी त्यांची बायको मुलाला शिरा भरवत होती. गाडी जागची हलत नव्हती.

वर्कशॉपमध्ये किल्ला आडवा पडला होता. थर्माकोलचे प्रचंड ठोकळे, तापलेल्या तारेनं कापलेले, त्यांवर विटकरी रंगाचा फवारा. दगडांना तडे होते, तड्यांत हिरवं शेवाळही रंगवलं होतं. एका भिंतीवर तोफगोळ्याची खूण होती. फोगेलसाहेब म्हणाले, "त्या काळी आमच्याकडे तोफ नव्हती." फादी म्हणाले, "आता आहे."

फादी गोड माणूस होते. सोनेरी पेन, सुगंध, प्रत्येक वाक्यात हबीबी, म्हणजे लाडक्या. त्यांनी आम्हाला पुदिन्याचा चहा पाजला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मिस्टर फोगेल, किल्ला म्हणजे मनोरा. मनोरा नसेल तर ते गोडाऊन. लोक पोरं घेऊन येणार, फोटो काढणार. तुमच्या शौचकूपासमोर कोण फोटो काढेल?"

"सत्य—" फोगेलसाहेबांनी सुरुवात केली.

"सत्य व्हेरी गुड," फादी म्हणाले. "त्याचा छोटा बोर्ड लावू. इन्शाल्ला."

इन्शाल्ला हा शब्द मी तिथे फार ऐकला. देवाच्या मनात असेल तर, असा त्याचा अर्थ. कचेरीत मात्र त्याचा अर्थ, आमच्या मनात नाही, एवढाच.

परतताना मी हट्टानं गाडी शारजाच्या जुन्या किल्ल्याकडे वळवायला लावली. गावाच्या मधोमध उभा आहे, दोन्ही बाजूंनी बँकांच्या उंच इमारती. हा किल्लाही काही दशकांपूर्वी बराचसा पाडून टाकला होता. एक बुरूज तेवढा राहिला. मग नव्वदीच्या दशकात तो पुन्हा होता तसा बांधला. आत थंडावा होता. जुनी दारं होती, जुने फोटो होते. मी पुण्या-मुंबईकडच्या माणसासारखं नाक मुरडायच्या तयारीत होते. म्हणणार होते, नवाच आहे की! पण फोगेलसाहेब एका फोटोसमोर उभे राहिले ते हलेचनात. पाडण्याआधीचा फोटो. त्यातली प्रत्येक खिडकी स्पष्ट.

"यांच्याकडे फोटो आहेत," ते एवढंच म्हणाले. मत्सरानं इतका खिन्न झालेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता.

बाहेर एका मल्याळी कॅफेटेरियात आम्ही पराठा आणि अंडं खायला बसलो. शिरीषराव एकदम म्हणाले, "ताई, मी नीलाला सांगितलं नाहीये. काल फादीनं माझ्या जागी एकाचा इंटरव्ह्यू घेतला. मी बाहेर बसलेलो, आणि त्या कँडिडेटला चहासुद्धा मीच सांगितला."

मराठीत म्हणाले ते. पण फोगेलसाहेबांनी काटा खाली ठेवला आणि मला विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. व्हिसा, घर, रेवाची शाळा, सगळं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते बराच वेळ पराठ्याचे पदर सोडवत बसले.

"पण मी खोट्याखाली सही कशी करू?" ते शेवटी म्हणाले. आवाजात ताठा नव्हता. खरंच विचारत होते.

आणि मला, बाकावरच्या ढ मुलाला समजावताना सुचतं तसं, सुचलं. मी म्हटलं, "सर, तुमच्या किल्ल्याबद्दल खात्रीनं माहीत असलेली गोष्ट कोणती? तो कसा होता हे नाही. तो गावानं पाडला, ही. मग तेवढंच खरं दाखवा. उभा असेल तेव्हा फादींचा. शेवटच्या दिवशी लोकांना पाडू द्या."

फोगेलसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला परत एकदा, सावकाश, तेच वाक्य बोलायला लावलं.

फादींना विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. "डिमॉलिशन? पब्लिक? फ्री?" मग शिरीषरावांच्या पाठीवर थाप. "हबीबी, धिस इज अ शो! तू आधी का नाही बोललास?"

सही झाली. ज्याचा इंटरव्ह्यू झाला होता त्या माणसाचं काय झालं, मला कळलं नाही. कुणी विचारलंही नाही.

जत्रा

उद्घाटनाला किल्ला झगमगत होता. मनोरे पाचाचे सात झाले होते. जर्मन दालनात बिअर नव्हती आणि डुकराचं मांस नव्हतं. थोडक्यात, जर्मन काही नव्हतं. चिकन सॉसेज होतं आणि माल्टचं गोड पाणी. सज्जातली राजकन्या फिलिपिनो होती. तिला दिवसभर हात हलवायचा होता. दुपारी ती सज्जामागच्या खुर्चीवर बसून डब्यातला भात खायची आणि तेव्हा मोकळ्या सज्जाकडे बघून लोक टाळ्या वाजवायचे.

सत्याचा छोटा बोर्डही होता. "हा किल्ला असा दिसत नव्हता," एवढं एकच वाक्य त्यावर फोगेलसाहेबांनी लिहून घेतलं होतं. फादींनी तो मानानं लावला. पॉपकॉर्नच्या यंत्रामागे.

नीलाच्या इमारतीतली मराठी मंडळी एका शुक्रवारी जथ्यानं आली. एक पुणेकर गृहस्थ बायकोला समजावत होते, "हे गॉथिक. बघ, दगड बघ. आपल्याकडे हे मेन्टेनन्सच नाही." त्यांनी थर्माकोलवर बोटांनी टकटक केलं, भिंत पोकळ वाजली, आणि ते शांतपणे म्हणाले, "लाइमस्टोन."

दुसऱ्या आठवड्यात वारं सुटलं. एका मनोऱ्याचं निळं टोपरं उडालं आणि थेट इजिप्तच्या स्फिंक्सच्या डोक्यावर जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी त्याच स्फिंक्ससमोर फोटोसाठी सर्वांत लांब रांग होती. इजिप्तवाल्यांनी टोपरं परत द्यायला साफ नकार दिला.

आणि मग शेवटचा दिवस आला. दुपारची वेळ. कामगारांनी सज्जाखालचा सोडून आतले लोखंडी सांगाडे आधीच काढले होते. फोगेलसाहेब एका खोक्यावर उभे राहिले आणि माइकवरून त्यांनी बिशपची गोष्ट सांगितली. त्यांचं इंग्रजी जर्मन, समोरच्यांचं इंग्रजी आठ प्रकारचं. तरी सगळ्यांना सगळं कळलं. कर कळले. तळघर कळलं. गहाण तर फारच चांगलं कळलं. गोष्ट संपली तेव्हा एवढ्या गर्दीत कुणी पॉपकॉर्नसुद्धा खात नव्हतं.

"यल्ला! चला!" फादी ओरडले.

कुणी हललं नाही. नुसती चुळबूळ. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला परवानगी मिळाली तरी ती दोनदा विचारून घ्यायची सवय असते. मग शिरीषराव पुढे गेले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी दरवाजाच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तो उपटला. कच्चकन आवाज झाला. त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते पाहून नीला पुटपुटली, "अगं, हे असे कधी दिसले नव्हते गं."

त्यानंतर जे झालं त्याला जत्रा म्हणता येणार नाही. पठाण ड्रायव्हर, केरळी नर्सेस, वसईचा एक हॉटेलातला गृहस्थ, बँकेतली माणसं, टाय लावलेली, सगळे तुटून पडले. आमचे पुणेकर, जे घरात खिळा ठोकायचा तर वॉचमनला विचारतात, ते लाइमस्टोनवर गुडघा देऊन "साल्या! साल्या!" म्हणत होते. बिशपला उद्देशून नसावं. त्यांच्या कचेरीतल्या कुणाचं तरी नावही मला ऐकू आलं. राजकन्येनं वरून उतरून आपला सज्जा स्वतः फोडला, तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. फादी आनंदानं ओरडत होते, "व्हेरी गुड! व्हेरी गुड!" त्यांच्या हाताखालची माणसं त्यांच्या अगदी जवळच्याच भिंती फार मन लावून तोडत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लोकांनी तुकडे घरी नेले. अल मनखूलच्या जिन्यात आठवडाभर पांढऱ्या गोळ्या उडत होत्या. पुणेकरांनी आपला दगड टीव्हीवर ठेवला, आणि तो मूळ जर्मनीचा असल्याचं ते आता सांगू लागलेत, असं नीलानं पत्रात कळवलंय.

शिरीषरावांची नोकरी टिकली. नुसती टिकली नाही, वाढली. पुढच्या वर्षी मराठा किल्ला करायचा, असं फादींनी जागीच जाहीर केलं. "तुमच्याकडे फोटो आहेत ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहेत. पडक्या भिंतींचे."

"पडकं नको," ते म्हणाले. "आपण मनोरे लावू."

मी काहीतरी तिखट बोलणार होते, पण शिरीषरावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "इन्शाल्ला."

मोकळं मैदान

दुसऱ्या दिवशी सकाळी फोगेलसाहेबांना विमानतळावर सोडायचं होतं. ते म्हणाले, आधी मैदानावर जाऊ. किल्ल्याची जागा साफ झाली होती, नुसतं डांबर. त्यांनी शिरीषरावांकडून पांढरी फक्की मागून घेतली होती, आपण शाळेच्या मैदानावर धावपट्ट्या आखायला टाकतो तसली. मोजपट्टीचं एक टोक शिरीषरावांनी धरलं, दुसरं मी. फोगेलसाहेब वाकून, एका हातानं कंबर धरून, फक्की सोडत गेले. हॉल. लहान खोली. स्वयंपाकघर. आणि एका कोपऱ्यात, फार काळजीपूर्वक, शौचकूप.

झालं तेव्हा आम्ही मागे सरकून पाहिलं. केवढासा होता तो! नीलाच्या इमारतीची गच्ची याहून मोठी. एवढ्याशा भिंतींना गाव इतकी वर्षं भीत होतं आणि एवढ्यासाठी तीन पिढ्या दंड भरत होतं. शिरीषराव चक्क चप्पल काढून हॉलमध्ये उभे राहिले.

"एवढंच खरं आहे," फोगेलसाहेब म्हणाले. त्यांच्या भुवयांवर फक्की बसली होती. ते फार सुखी दिसत होते.

तेवढ्यात एक मोठी पांढरी जीप आली. शेजारच्या दुकानांना सुट्टीची गर्दी होती आणि जागा शोधत ती इकडे वळली. चालकानं पांढऱ्या रेघा पाहिल्या, समाधानानं मान हलवली, आणि गाडी बरोबर रेघांच्या मध्ये, हॉलमध्ये, सरळ लावली. मागोमाग दुसरी आली. तिसरी. शिरीषराव धावत निघाले, "अरे भाई, भाई, रुको!" फोगेलसाहेबांनी त्यांचा हात धरला.

लोक किती शिस्तीनं लावत होते! कुणी रेघ ओलांडली नाही. एकानं तर मागे घेऊन पुन्हा नीट लावली. स्वयंपाकघरात दोन मावल्या. शेवटी एक लहान लाल गाडी आली, तिला कुठेच जागा नव्हती. चालकानं इकडे तिकडे पाहिलं आणि ती कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनात नाक खुपसून उभी केली.

फोगेलसाहेबांनी घशातून कसलासा आवाज काढला. मला वाटलं, रडतायत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर ते खाली वाकून, गुडघे धरून, हसत होते. लाल गाडीतून उतरलेले गृहस्थ किल्ली खिशात घालत आमच्याकडे आले आणि जरा भीत भीतच म्हणाले, "सर, इथे लावली तर चालेल ना?"

"लावा, लावा," फोगेलसाहेब डोळे पुसत म्हणाले. "बिशपसुद्धा तिथेच बसायचा."